लिंबाने ब्रेक लागत नाहीत

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वर्गातल्या मुलींच्या वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरं असायची, माझ्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची. छापील बाजू आत, कोरी बाहेर. गणिताच्या तासाला कंटाळा आला की मी कव्हराचा कोपरा उचलून आत बघायचे, तिथे काळ्या जाड अक्षरात कुणीतरी ओरडत असायचं : ‘चालक बंधूंनो, डुलक्या घेत गाडी हाकणे ही मर्दुमकी नव्हे!’ ओरडणारे माझे अप्पा. न्हावा शेव्याच्या बंदरात ते ट्रेलर चालवत आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत. आमच्या घरात पत्रकाचा एकही कागद वाया गेला नाही. आत्या त्यांवर तांदळाचे पापड वाळत घालायची, आणि ओल्या पापडांवर अक्षरं उलटी उमटायची. आम्ही घोषणा तळून खाल्ल्या, असं दादा म्हणायचा. त्याला त्या पचल्या नाहीत, मला पचल्या. आजही मला कुणी नुसतं ‘सूचना’ असं लिहिलेला कागद दिला तर मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

अप्पांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक माझ्या जन्माच्या आधीचं. त्यांच्या एका मित्राच्या गाडीचे ब्रेक घाटात गेले. दरीतून गाडी वर काढली तेव्हा पुढच्या बंपरला त्याच सकाळी बांधलेलं लिंबू आणि मिरच्या तशाच ताज्या होत्या. अप्पांनी ते लिंबू सोडून घरी आणलं, समोर ठेवलं आणि लिहायला बसले. ‘लिंबाने ब्रेक लागत नाहीत’ हे त्या पत्रकाचं नाव. मला ते अख्खं पाठ होतं. पाहुणे आले की इतर मुलं कविता म्हणायची, मी स्टुलावर उभी राहून ते म्हणायचे. शेवटचं वाक्य होतं, ‘वाहनाची दृष्ट काढू नका, वाहनाचे ब्रेक तपासा!’ तिथे मी मूठ वर करायचे आणि आत्या भांडी आपटायची.

आत्या म्हणजे अप्पांची मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलं. तिचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं, तिच्या टाचांच्या भेगा तिथल्या खाऱ्या पाण्यानेच पडलेल्या. आमचं मिठागर भरावाखाली गेलं त्या वर्षीचं शेवटचं मीठ तिने एका चिनीमातीच्या बरणीत भरून ठेवलं होतं. जाड, करडं, खड्यांचं. ते स्वयंपाकाला कधीच निघायचं नाही. ते फक्त दृष्ट काढायला. अप्पा घरात नसले की ती बरणीत हात घालायची, मुठीत मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन आमच्यावरून ओवाळायची आणि चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट जबर लागलेली, आला तर साधी. ठसका नेहमी यायचाच. अप्पा ड्युटीवरून आले की दारातच खोकायचे आणि म्हणायचे, “घरात अंधश्रद्धेचा धूर झालेला दिसतो.” अप्पांचं हे असं होतं. रागावले की ते शुद्ध, छापील मराठी बोलत. मन निवलं की आमच्या गावच्या बोलीत येत. त्यामुळे त्यांचा मूड ओळखायला मला चेहरा बघावा लागत नसे.

ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे त्या दिवसांत घरात फक्त छापील मराठी चालू होती. कारण होतं दादाचा पिकअप. रोडपालीच्या अलीकडे, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा असायचा, काळा, उंच टायरांचा, बॉनेट कायम उघडं. दादाने तो अपघातातला घेतला आणि त्याचा मित्र अल्ताफ याच्या मदतीने हाडन्‌हाड नवं केलं. अल्ताफ वेल्डर. पनवेलच्या मोहल्ल्यातून रोज सकाळी यायचा, आत्याच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट खायचा आणि मग कामाला लागायचा. त्यांनी मूळचा टर्बो काढून मोठा बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. पाय दाबला की तो शिट्टी घालायचा. आत कुकर आणि बाहेर टर्बो, अशा दोन शिट्ट्यांमध्ये आत्याचा भात कितीदा तरी कच्चा राहिला.

येत्या रविवारी खाडीकडच्या भरावाच्या मैदानावर पिकअपच्या शर्यती होत्या. खारघरची मुलं नव्या कोऱ्या, बापाने घेऊन दिलेल्या गाड्या घेऊन येणार होती. दादाला त्यांना हरवायचं होतं. त्यासाठी त्याने एक किट मागवलं. टर्बोने हवा दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. त्या हवेत ऐन जोराच्या क्षणी मिथेनॉल आणि पाण्याचा बारीक फवारा मारला की ती गार होते, इंजिनात जास्त मावते आणि गाडी उसळी घेते. किटमध्ये टाकी होती, पंप होता, नळी होती, इंजिनाच्या हवेच्या पाइपात बसवायची पितळी तोटी होती आणि टर्बोचा दाब वाढला की पंप सुरू करणारा एक स्विच. शिवाय एक घडी घातलेलं इंग्रजी पत्रक होतं. दादाने ते खोक्यातच ठेवलं. मी ते उचललं, हे सांगायला नकोच.

अल्ताफ रसायनांच्या दुकानातून मिथेनॉलचा पांढरा कॅन घेऊन आला त्याच संध्याकाळी अप्पा लवकर घरी आले. त्यांनी कॅनचं झाकण उघडून वास घेतला.

“यात काय आहे?”

“गाडीचा हाय,” दादा म्हणाला.

“मी विचारलं, काय आहे.”

“अल्कोहोल. मिथेनॉल. इंजिनात मारायचा.”

“हे प्यायलं तर माणूस आंधळा होतो. मरतो. तुला ठाऊक आहे?”

“प्यायचा कोनाला हाय, अप्पा? गाडी पिनार.”

अप्पांनी हातातली पिशवी खाली ठेवली. “वेग हा नेहमी मालकाचा हट्ट असतो आणि मरतो चालक. हे मी आयुष्यभर लिहीत आलो.”

“पन हितं मालक बी मीच आन् ड्रायव्हर बी मीच. तुमचा पत्रक माज्यासाठी नाय.”

अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. शेडमधला लाल रंगाचा डबा घेऊन त्यांनी कॅनच्या चारी बाजूंना हाताएवढ्या अक्षरात ‘विष’ असं लिहिलं, रंग वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि जाताना एवढंच म्हणाले, “रविवारी ही गाडी धड चालली नाही तर ती या दारात परत उभी राहणार नाही. आणि तूही नाहीस.” ते खरंच तसं करतील हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अप्पांनी शब्द फिरवलेला मी कधी पाहिलेला नव्हता, आणि दादा त्यांचाच मुलगा होता.

त्यानंतरचे दिवस मी शेडच्या दारात पत्रक हातात घेऊन काढले. मी तेव्हा कॉलेजात होते आणि जगातली निम्मी संकटं माणसं सूचना वाचत नाहीत म्हणून येतात असं माझं ठाम मत होतं. (ते अजून आहे. उरलेल्या निम्म्या संकटांबद्दल आता थोडी शंका आहे.) मी एकेक ओळ मराठी करून मोठ्याने वाचायचे. मिश्रण अर्धं पाणी, अर्धं मिथेनॉल. नळी ब्लेडने सरळ कापावी, पक्कडीने कापू नये, तिरका काप जोडात नीट बसत नाही. पंप तपासताना तोटी पाइपातून काढून बादलीत धरावी. आणि चौकटीत, मोठ्या अक्षरात : मिथेनॉलची ज्योत दिवसाच्या उजेडात दिसत नाही.

“दिसत नाय म्हंजे?” दादाने बॉनेटखालून विचारलं.

“म्हणजे आग लागली तरी कळत नाही. धूर नाही, रंग नाही. नुसती धग.”

“छोटी, सुबह सुबह डरा मत यार,” अल्ताफ म्हणाला. पण त्याने हात पुसले.

“ती पत्रकच हाय,” दादा म्हणाला. “ए पत्रक, वाचून झाला आसंल तर दहाचा पाना दे.”

मी पाना दिला आणि घरात जाऊन पुठ्ठ्यावर सगळ्या सूचना लिहिल्या, लाल शाईने, उद्गारचिन्हांसह. पुठ्ठा शेडच्या खांबाला टांगला आणि खाली पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर अल्ताफचा रुमाल वाळत होता. दादाने नळी पक्कडीने कापली. मी ओरडले तेव्हा तो म्हणाला, “बसली ना जोडात? मंग?” आणि टाकी भरायची वेळ आली तेव्हा त्याने पाणी घातलंच नाही. अख्खा कॅन नुसताच ओतला.

“अर्धं पाणी!” मी म्हणाले.

“आपल्या आळीत कोन पानी घालून घेतो का गो? आबरू जाईल.” दोघंही पोट धरून हसले. हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला की शेवटी तो विनोद राहिला नाही, निर्णय झाला. आग लागू नये म्हणूनच तर ते पाणी असतं, हे मी सांगत राहिले. आमच्याकडे बिनपाण्याची दारू घेणाऱ्याला मर्द म्हणतात. गाडीलाही तोच मान मिळाला.

शनिवारी सकाळी, ऊन चांगलं वर आलेलं असताना, त्यांनी पंप तपासायला घेतला. बाहेर रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न थांबत नव्हते. आत्याने कोलंबी आणली होती आणि ती दाराशी बसून सोलत होती. कोलंबी धुवायला तिने माझ्या दोन बादल्यांतली एक नेली होती. मी भांडायला तोंड उघडलं तोच दादाने इंजिन सुरू केलं. शेडचे पत्रे थरथरले. मग तो खाली उतरून बॉनेटपाशी आला, हातात तेच फडकं घेऊन, ज्याने त्याने टाकी भरताना सांडलेलं पुसलं होतं.

“तोटी बादलीत धर,” मी ओरडून सांगितलं.

“पाइपात बसवली. आता काय काढायची? अल्ताफ, दे!”

टर्बोचा दाब उभ्या गाडीला पुरेसा येईना, म्हणून अल्ताफने स्विच वगळून दोन वायरी थेट एकमेकींना लावल्या. बारीक ठिणगी उडाली. पंप टकटकटक वाजू लागला. दादाने कान देऊन ऐकलं आणि अंगठा वर केला.

नेमकं तेव्हाच आत्या उठली. तिने हात पदराला पुसले, आत गेली आणि मूठ बंद करून बाहेर आली. मूठ कशाची ते मला न उघडताच कळलं.

“आत्या, नाही. अप्पांनी सांगितलंय, या गाडीची दृष्ट काढायची नाही.”

“उद्या माजा पोर ती गाडी पलवनार हाय. बाजूला हो.”

“ब्रेक तपासा म्हणावं त्याला!”

“तो तुजा पत्रक तुज्यापाशी ठेव गो बाय. माजी मूठ माज्यापाशी.”

मी दारात हात आडवे केले. मी तेव्हा खरोखर चिडले होते. चार दिवस मी शहाणपणाचं वाचून दाखवत होते आणि कुणी ऐकत नव्हतं, आणि आता या घरातली शेवटची सूचनासुद्धा पायदळी जाणार होती. आत्या उजवीकडून आली, मी उजवीकडे झाले. ती डावीकडे वळली, मी डावीकडे. माझ्या पाठीमागे दादा म्हणाला, “जाम गरम लागतंय रे इंजिन.” मी मान वळवून बघितलं. तो वाकून फडक्याने जोड पुसत होता. तिथे काहीच नव्हतं. फक्त बॉनेटवरची हवा हलत होती, दुपारी डांबरी रस्त्यावर हलते तशी. रंगाचा जळका वास आला. मला चौकटीतली ओळ आठवली, अक्षर न्‌ अक्षर आठवली, आणि तरी मी बघत राहिले, कारण डोळ्यांना काही दिसत नसताना ओरडायचं कशाच्या नावाने, हे मला सुचेना.

“दादा, हात काढ!” मी म्हणाले ते पंपाच्या आवाजात बुडालं.

आत्याने तेवढ्यात निकाल लावला. ओवाळायला मिळत नाही म्हटल्यावर तिने माझ्या खांद्यावरून मूठ भिरकावली. मिठाची दृष्ट कधी अशी काढत नाहीत. ती ओवाळतात आणि चुलीत टाकतात, ज्याच्यावरून काढली त्याच्या अंगावर कुणी टाकत नाही. तिने ती रागाने टाकली. मीठ आणि मिरच्या थेट उघड्या इंजिनावर पडल्या.

आणि इंजिन पिवळं झालं. एका क्षणात. जिथे जिथे मीठ पडलं तिथे तिथे हळदीच्या रंगाच्या ज्वाळा उठल्या, नळीच्या जोडावर, पाइपावर, दादाच्या हातातल्या फडक्यावर आणि त्याच्या बाहीवर, कोपरापर्यंत. ती आग तिथे आधीपासून होती. आम्ही चौघं तिच्याभोवती उभे राहून भांडत होतो. अल्ताफने “या अल्लाह” म्हणत वायरी ओढून तोडल्या आणि आत झेप घेऊन किल्ली फिरवली. पंप थांबला. दादा आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याचा हात आहे. मी खांबापाशी ठेवलेली बादली उचलून त्याच्या अंगावर रिकामी केली. आत्याने कोलंबीची बादली, सालांसकट, इंजिनावर ओतली. मग आम्ही दोघी पाण्याच्या टाकीच्या नळाखालून पाणी आणत राहिलो, पिवळं दिसेनासं झाल्यावरही आणत राहिलो, कारण दिसत नाही म्हणजे विझली असं आता कुणाला वाटत नव्हतं. मिरच्यांचा असा ठसका उठला होता की आम्ही चौघंही खोकत होतो, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दादाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर कातडी लावावी लागली असती. रविवारी गाडी कुठेच गेली नाही. दादाला मात्र हात जाण्यापेक्षा शनिवारच्या त्या संध्याकाळची भीती होती. अप्पा आले तेव्हा तो ओट्यावर पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता, कोलंबीच्या वासात. अप्पांनी आधी शेडमध्ये जाऊन सगळं पाहिलं. जळका जोड पाहिला. तिरकी कापलेली नळी बोटाने चाचपली. माझा पुठ्ठा खांबावरून काढून पूर्ण वाचला, आणि मला आठवतं, मग उलटून कोरी बाजूही पाहिली. आम्ही छापील मराठीची वाट बघत होतो.

ते दादाच्या शेजारी बसले. “दाकव,” ते म्हणाले. “दुकतंय का रं लय?”

दादा तेव्हा रडला. आगीत रडला नव्हता.

आत्या मात्र गप्प बसणारी नव्हती. “काय रं, लिंबानं ब्रेक लागत नाय ना? मिठानं आग दिसली.”

“आत्या, त्यात सोडियम असतं,” मी म्हणाले. “ज्योतीत गेलं की पिवळं जळतं. दृष्टीचा काही संबंध नाही.”

“आसंल. तुजा सोडियम तवा कुठं व्हता? माज्या मुठीत. आन् तू दारात आडवी.”

हे वाद आमच्यात पुढे कितीतरी वर्षं चालले. तिचं म्हणणं, दृष्टच होती म्हणून आग दिसली. माझं म्हणणं, ओवाळून ते मीठ चुलीत गेलं असतं तर दादाचा हात गेला असता, म्हणजे दृष्ट न काढल्यामुळेच तो वाचला. मी आजही एक अक्षर मागे घेत नाही. पण आडवी उभी राहिले नसते तर तिने ते नेमाप्रमाणे चुलीत टाकलं असतं, आणि तिने मूठ आणली नसती तर माझं पत्रक हातात धरून मी हलणारी हवा बघत राहिले असते. हे कुठल्याही पत्रकात मावत नाही. मी बसवून पाहिलंय.

हात बरा झाल्यावर दादाने गाडी पुन्हा जोडली. नवी नळी, ब्लेडने सरळ कापलेली. जळक्या पाइपाच्या जागी अल्ताफने नवा पाइप घातला. टाकीत अर्धं पाणी, ते मी स्वतः मोजून ओतलं आणि कुणी विनोद केला नाही. पुढच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी अप्पा शेडमध्ये आले. त्यांनी गाडीखाली झोपून ब्रेकच्या नळ्या पाहिल्या, पेडल दाबून दाबून पाहिलं, प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवून ते उजेडात धरलं. मग इंजिन चालू करायला सांगितलं. अल्ताफने पंप लावला. टकटकटक. आत्या दारात आली होती, पदराखाली मूठ. अप्पांनी तिच्याकडे बघितलं.

“ब्रेक बगितलं मी,” अप्पा म्हणाले. “आता तुजा कर.”

आत्याला ते खरं वाटेना. मग ती ओवाळायला पुढे झाली.

“ओवालू नको गो. मिरच्या काड, आन् मीठ चुलीत टाकू नको. हितं टाक. इंजिनावर.”

“अप्पा, गंज चडंल!” दादा ओरडला.

“चडू दे.”

आत्याने मिरच्या निवडून पदराच्या टोकाला बांधल्या आणि मूठ उघडली. आमच्या मिठागराचं ते करडं मीठ उन्हात त्या घरघरत्या इंजिनावर पडलं, जोडांवर, पाइपावर, तोटीभोवती. आम्ही पाचही जण वाकून बघत होतो. खडे तापलेल्या लोखंडावर तडतडले, उडाले, खाली घरंगळले. पिवळं काही झालं नाही. अप्पा तरीही सरळ झाले नाहीत. शेवटचा खडा थांबेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते, आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने बॉनेट लावलं.